चारशे बारा वाक्यं

वसंतगुरुजी मंगरूळकरांचा आवाज जाणार, हे त्यांना तीन आठवडे आधीच कळलं होतं. त्यातले सतरा दिवस ते माझ्यासमोर बसून बोलले. बाकीचे दिवस तपासण्यांत आणि नागपूरच्या फेऱ्यांत गेले.

मी विपुल मोहोड. गाव नांदगाव खंडेश्वर, पण अठरा वर्षं झाली, अकोल्याला जुन्या शहरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गुरुजी दुकानामागच्या गल्लीत राहायचे. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची वास्तुशांत त्यांनी केलेली. मंगलाष्टकांना त्यांना माईक लागत नसे. स्वभाव तापट. यजमानाने पूजेत मोबाइल उचलला की हातातली पळी ताम्हनात आपटायचे आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. मग तो यजमान पुढच्या वेळी मोबाइल घरातच ठेवून पाटावर बसायचा.

त्यांच्या बायकोला, गोदावरीकाकूंना, दिसत नव्हतं. नगरपालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि काचबिंदूने आधी डावा डोळा गेला, दोन वर्षांनी उजवा. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. घरात दोघंच. मुलगी मैथिली अमरावतीला कॉलेजात शिकवते, जावईही तिथेच नोकरीला.

गुरुजी घरी असले की अखंड बोलत. मी दाराबाहेरून कितीदा ऐकलंय. "गोदे, पुढे पाट आहे, पाय उचल." "खुशालरावांनी नवी स्कूटर आणली. रंग असा आहे की विचारू नको." "वरणाला उतू येतंय, गॅस बारीक कर, डावीकडचं बटण." पेपर वाचायचे, शेजाऱ्यांच्या दोरीवर काय वाळत घातलंय ते सांगायचे, पूजेहून आले की कोणाची सून कशी दिसत होती ते सांगायचे. काकूंचं अर्धं जग त्यांच्या कानातून आत यायचं, आणि ते सगळं त्या एकाच आवाजात होतं.

त्या आवाजातच गाठ निघाली. तंबाखू नाही, विडी नाही. पूजेतली सुपारी मात्र सारखी तोंडात असायची. आधी रेडिएशन झालं, ते पुरलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल.

हे ऐकून नागपूरहून परतले त्या दिवशी गुरुजी घरी न जाता आधी माझ्या दुकानात आले. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, पण त्यांचाच होता.

"विपुल, कॉम्प्युटरमध्ये आवाज साठवता येतो ना?"

"येते ना काका. काय साठवाचं आहे?"

"माझा."

मला वाटलं, मंत्र, पोथी असं काही असेल. म्हणून विचारलं, "सत्यनारायण करून घ्याचा का? का लग्नाचा पूर्ण विधी?"

"ते म्हणायला गावात दहा जण आहेत," ते म्हणाले. "गोदावरीशी बोलायला मी एकटाच आहे. माझ्या लिहिण्याचा तिला उपयोग काय?"

त्यांच्या घरी मैथिलीने दिलेला जुना कॉम्प्युटर होता. मी तो साफ केला, चांगला माईक लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही बसलो. काय काय बोलायचं याची यादी काकूंनी सांगायची, मी लिहायची, गुरुजींनी म्हणायची. पहिल्या दिवशी सगळी कामाची वाक्यं झाली. पायरी आहे. पाणी गरम आहे. दार उघडं आहे. कोणीतरी आलंय. मी बाहेर चाललो. मी आलो.

तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "हे सगळं शहाण्यासारखं बोलून राहिले तुम्ही. भांडणाचं काय?"

"भांडणाचं कशाला?" गुरुजी म्हणाले.

"नुसतं गोड बोलणारा नवरा मला ओळखू यायचा नाही."

मग भांडणाची तीस-बत्तीस वाक्यं झाली. 'तुला काही कळत नाही.' 'हे मी तुला कालच सांगितलं होतं.' 'तुझ्या माहेरचं नाव काढू नको.' हे शेवटचं म्हणताना दोघंही इतके हसले की गुरुजींना खोकला आला आणि तासभर थांबावं लागलं. नंतर काकू स्वयंपाकघरात गेल्या. भांडी वाजत राहिली, पण त्या काही करत नव्हत्या, नुसती भांड्यांची जागा बदलत होत्या, हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

वाक्यांना क्रमांक दिले. एकूण चारशे बारा भरली. शेवटची बारा रेकॉर्ड करताना गुरुजींनी मला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं, काकूंनाही शेजारी पाठवलं. ती वाक्यं मी कधी ऐकली नाहीत. फाइलींना चारशे एक ते चारशे बारा हे आकडे फक्त दिले.

ऑपरेशन झालं. गुरुजी परत आले तेव्हा गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. गळ्याला लावून बोलायचं यंत्रही दवाखान्यातून आणलं होतं, पण रेडिएशनने कातडी कडक झालेली, ते नीट टेकायचं नाही. आणि त्यातून जी घूंघूं निघायची ती ऐकून काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. ते कपाटात गेलं ते गेलंच.

मग आमचा कॉम्प्युटर सुरू झाला. मी एक साधा प्रोग्राम करून दिला. आकडा दाबा, एंटर मारा, वाक्य वाजतं. एक स्पीकर मधल्या खोलीत, दुसरा लांब वायर काढून स्वयंपाकघरात. गुरुजींनी पाच-सहा दिवसांत चारशे बाराही क्रमांक पाठ केले. आयुष्यभर पाठांतरच केलेला माणूस. काकूंनी आतून विचारायचं, "मीठ कुठे ठेवलं?" आणि त्यांनी एकशे चार दाबायचं, 'वरच्या फळीवर, उजवीकडे.' एकदा मी गेलो तर अठ्ठ्याऐंशी नंबर, 'तुला काही कळत नाही,' लागोपाठ चार वेळा वाजत होता आणि काकू आतून ओरडत होत्या, "पाचव्यांदा वाजवून पाहा, मग सांगते!" मी दारातूनच परत फिरलो. दिवसभर मला बरं वाटत होतं.

आठ महिने हे चाललं.

त्या कॉम्प्युटरला गुरुजी फार जपायचे. मीच त्यांना पहिल्या दिवशी बजावलं होतं, "काका, याच्यात व्हायरस घुसला तर सगळं खराब होते. बाहेरचं काही लावू देऊ नका कोणाले." त्यांनी ते सोवळ्यासारखं धरलं. गल्लीतले खुशालराव एकदा नातीच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन आले, मोठ्या पडद्यावर पाहू म्हणून. गुरुजींनी पेन ड्राइव्ह लावायच्या खाचेवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने, बाहेरच्यांशी बोलायला जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, "विपुलला आधी तपासू दे." खुशालराव रागावून गेले ते महिनाभर आले नाहीत. दर शुक्रवारी स्नान झाल्यावर गुरुजी अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी लावायचे आणि हिरवी पट्टी शेवटाला पोचेपर्यंत समोर बसून राहायचे. "काही सापडले नाही" असं आलं की मगच चहा.

मी एक बाहेरची हार्ड डिस्कही लावून दिली होती. रोज संध्याकाळी सगळ्या फाइलींची प्रत आपोआप त्यात जायची. त्यांना विसर पडू नये म्हणून ती डिस्क कायम लावलेलीच ठेवली. माझ्या दुकानात एक प्रत ठेवतो म्हणालो तर त्यांनी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, "हे माझं बायकोशी बोलणं आहे. दुकानात नको." मला ते पटलं. दोन ठिकाणी आहे, बस झालं, असं मी मनाशी म्हटलं.

धंद्यातल्या माणसाने असं म्हणायचं नसतं. जी डिस्क कायम जोडलेली, तिला वेगळी प्रत म्हणत नाहीत. हे मी पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. तेव्हा मलाही माहीत होतं, पण मी तेवढं डोकं लावलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगतो. अँटिव्हायरसची जी किल्ली, म्हणजे तो चालू करायचा नंबर, मी त्यांच्याकडे टाकली, ती तीन कॉम्प्युटरला चालणारी होती. त्यातला एक मी आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वापरला होता. अशा किल्लीचं वर्ष पहिल्या कॉम्प्युटरपासून मोजतात. म्हणजे गुरुजींना मी वर्षभराचं सांगितलं, पण त्यांच्या वाट्याला आठच महिने आले. दुकानात हे नेहमीचं होतं. मुदत संपली की आपल्याला फोन येतो, आपण जाऊन नवीन टाकतो, गिऱ्हाईक विचारत नाही. गुरुजींनी तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून ठेवली होती. ती माझ्या सांगण्यावरून, आणि चार महिने चुकीची.

ऑक्टोबरात माझ्या गावाकडे सोयाबीन काढणीला आलं. पाऊस येतो की काय म्हणून सगळी घाई. मी नांदगावला होतो, मळणीयंत्राची वाट पाहत. तिथे काकूंचा फोन आला.

"विपुल, हे टेबलावर बोटं आपटून राहिले. काहीतरी बिनसलंय. लाल काही आलं का, असं मी विचारलं तर हो म्हणून हात दाबला."

"अँटिव्हायरसची मुदत संपली असन काकू. त्यानं काही होत नाही दोन दिवस. मी परवा येऊन टाकून देतो."

"नक्की काही होत नाही ना?"

"अजी नाही होत. काकाले म्हणा, निवांत राहा."

परवाचा तेरवा झाला. मशीन आलं ते बिघडलेलं. मी अकोल्याला पोचलो तो चौथ्या दिवशी दुपारी, आणि स्टँडवरून दुकानात जातानाच खुशालराव रस्त्यात भेटले. म्हणाले, "आधी गुरुजीकडे जाय बापा. कालपासून दोघंही जेवले नाहीत."

काय झालं ते काकूंनी सांगितलं, आणि गुरुजींनी मध्ये मध्ये पाटीवर लिहिलं.

आदल्या दिवशी दुपारी गुरुजी नेटवर पंचांग बघत होते. तिथे पडद्यावर मोठी खिडकी उघडली. 'आपल्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत. सर्व फाइली धोक्यात आहेत. आत्ताच काढून टाका.' चक्क मराठीत. खाली हिरवं बटण. तीन दिवस तो लाल इशारा बघून त्यांचा जीव टांगणीला लागलेला. त्यांना वाटलं, आपलंच अँटिव्हायरस बोलतंय. मला फोन लावून विचारावं तर तोंडातून शब्द येणार नाही. काकूंना सांगावं तर काकू वाचणार कशा? त्यांनी बटण दाबलं. काहीतरी उतरलं. 'या प्रोग्रामला परवानगी द्यायची का?' असं विंडोजने विचारलं. त्यांनी हो दाबलं.

काकू म्हणाल्या, "पंखा जोरात फिरायला लागला रे त्या डब्याचा. मी विचारलं, काय झालं? तर यांचं वाजलं, 'थांब, बघून सांगतो.' मी थांबले. मग नुसती बटणं दाबल्याचा आवाज यायला लागला. टक, टक, टक. वाजत काहीच नव्हतं. मी म्हटलं, अहो, बोला की! तर टकटक आणखी जोरात."

मी कॉम्प्युटर पाहिला. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरांची शेपटी लागलेली, चित्रं जाऊन पांढरे कागद उरलेले. प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी. तुमच्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी तर पैसे तयार ठेवून या ई-मेल पत्त्यावर लिहा. मी बाहेरची डिस्क उघडली. तिथेही तेच. कायम जोडलेली असल्यामुळे त्या प्रोग्रामने आधी घर धुतलं आणि मग अंगणही धुतलं.

"होईल ना?" काकूंनी विचारलं.

मी म्हणालो, "पाहतो."

पुढे दोन महिने मी पाहत होतो. ज्यांची कुलपं तोडता येतात त्या व्हायरसांची यादी असते, त्यात हा नव्हता. हार्ड डिस्क घेऊन नागपूरला गेलो, तिथल्या माणसाने आठ दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाला, "भाऊ, पुसलेलं काढता येते. हे पुसलेलं नाही, हे बदललेलं आहे." अमरावतीहून मैथिली आली. ती म्हणाली, ते मागतात ते देऊन टाकू. मी तिला समजावलं की देऊनही किल्ली मिळेलच असं नाही. ती म्हणाली, "माझी आई आहे ती." तिने चिठ्ठीतल्या पत्त्यावर लिहिलं. पत्र परत आलं. पत्ता बंद झाला होता. चोर दुकान उठवून कुठल्या कुठे निघून गेले होते, किल्ली सोबत घेऊन.

माझ्या दुकानात फळीवर त्या डिस्कमधल्या चारशे बारा फाइली तशाच होत्या. एकेक उघडून बघायची मला सवयच लागली. प्रत्येक फाइल आकाराने जेवढी होती तेवढीच. आत सगळं असणार, फक्त उलटंपालटं. कधी कधी जबरदस्तीने वाजवून पाहायचो. कचरा जाळल्यासारखा चरचराट यायचा.

डिसेंबरात एक दिवस मी गुरुजींना सगळं सांगितलं. काकू शेजारी पार्वताबाईंकडे गेल्या होत्या. किल्लीचं सांगितलं, आठ महिन्यांचं सांगितलं, डिस्क काढून कपाटात ठेवायला हवी होती हेही सांगितलं. ते माझ्याकडे बघत होते, पूजेत मोबाइल उचलणाऱ्या यजमानाकडे बघायचे तसे. मी खाली मान घातली. मला वाटलं, पाटी भिरकावतील. त्यांनी लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं. पाटी माझ्यापुढे केली.

"तिला हे सांगू नकोस. घरात तुझाच आवाज येतो आता. येत जा. बोलत जा तिच्याशी."

मी जायला लागलो. सकाळी दुकान उघडायच्या आधी पाऊण तास पेपर वाचून दाखवायचा. गुरुजींना काही विचारायचं असलं तर ते पाटीवर लिहायचे आणि मी ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवायचो. 'औषध घेतलं का' असं ते लिहायचे आणि काकूंच्या कानात ते माझ्या तोंडून जायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे तोंड करून उत्तर दिलं. ते गुरुजींकडे तोंड करून द्यायला हवं होतं. पण त्यांना आवाज जिथून आला ती बाजू धरायची सवय.

उपाय करून पाहिले. लिहिलेलं वाचून दाखवणारा मराठी प्रोग्राम मी टाकला. त्यात बाईचा आवाज होता. दोन दिवसांनी काकू म्हणाल्या, "या बाईला घरातून काढ."

मग तळहातावर लिहिणं सुरू झालं. गुरुजी बोटाने काकूंच्या हातावर अक्षर काढायचे. काकू शिक्षिका, त्यांना वाटलं जमेल. पण जोडाक्षर आलं की गाडी अडायची. "हा ध आहे की घ? भ की म? तुमचं अक्षर पहिल्यापासूनच वाईट." सुरुवातीला हे त्या हसत म्हणायच्या. नंतर हात ओढून घ्यायला लागल्या. काकूंना साखरेचा आजार, त्याने त्यांचे तळहात बोथट झालेले, हे आम्हाला उशिरा कळलं. हळूहळू शब्द गेले. एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे जेवायला चल. बाकी काही सांगायचं असेल तर विपुल येईपर्यंत थांबायचं.

खुशालरावांच्या वास्तुशांतीचं जुनं चित्रण निघालं. राग विसरून ते स्वतः घेऊन आले. त्यात गुरुजींचा आवाज होता, खणखणीत, मागे घंटा आणि बायकांची कुजबुज. आम्ही सगळे बसून ऐकत होतो. काकूंनी पाच-सात मिनिटं ऐकलं. मग म्हणाल्या, "हे देवाशी बोलणं झालं. माझ्याशी कुठे आहे?"

मैथिलीच्या प्रतीक्षा नावाच्या विद्यार्थिनीने त्याच चित्रणावरून कॉम्प्युटरकडून नवी वाक्यं वदवून घेतली. आजकाल तसं होतं. मैथिली मोठ्या आशेने फोनमध्ये घेऊन आली. त्यातून आलं, "गोदावरी, मी इथंच आहे." शब्द बरोबर, पट्टी बरोबर, पण संकल्प सोडल्यासारखं. काकूंनी विचारलं, "हा कोण?" मैथिली म्हणाली, "आई, बाबाच आहेत." काकू म्हणाल्या, "ते मला गोदावरी नाही म्हणत. बंद कर." गुरुजी उठून मागच्या अंगणात गेले. मी गेलो मागे. ते तुळशीजवळ उभे होते, गळ्यावरचं फडकं भिजलं होतं. तोंड उघडून ते काहीतरी म्हणत होते, दोन अक्षरं, पुन्हा पुन्हा. नुसती हवा.

काकूंनी त्यानंतर प्रश्न विचारणं कमी केलं. उत्तर येणार नाही तर विचारायचं कशाला. आधी त्या स्वयंपाकघरातून सारख्या काहीतरी विचारायच्या. आता भिंतीला हात लावत स्वतःच शोधायच्या, नाही सापडलं तर सोडून द्यायच्या. एकदा गरम तव्यावर हात पडला. गुरुजी दारातच होते. त्यांनी बघितलं, टाळी वाजवली, पाय आपटला. काकूंना कळलंच नाही की ही टाळी 'थांब' म्हणून आहे. पोळलेला हात घेऊन त्या म्हणाल्या, "कोण टाळ्या वाजवून राहिलं?"

तव्याचं कळल्यावर मैथिलीने ऐकलं नाही. मार्चमध्ये दोघांना अमरावतीला घेऊन गेली. अकोल्याचं घर बंद केलं. सामान बांधताना कॉम्प्युटरचं काय करायचं असं मी विचारलं. मैथिली म्हणाली, "तूच घेऊन जा." मी नेला. त्याचे भाग दुसऱ्या कशात वापरले नाहीत, एवढंच.

मी गेल्या दिवाळीनंतर अमरावतीला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. गुरुजी खूप वाळले होते. मला बघून हात वर केला. पाटी जवळ नव्हती. मैथिलीने सांगितलं, ते आता लिहीतही नाहीत फारसं. तिने तिचा लॅपटॉप तपासायला दिला, म्हणून मी आधी ते काम केलं. अँटिव्हायरस चालू होतं, मुदत खरी होती, बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवलेली होती. तिला सांगितलेलं तिने सगळं पाळलं होतं.

काकू पलंगावर बसल्या होत्या. मी "काकू" म्हटलं तसं त्यांचं तोंड उजळलं. "विपुल! ये. पेपर आणला का?" मी पेपर वाचला. त्यांनी पार्वताबाईंची चौकशी केली, दुकानाची केली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या,

"एक विचारू? हसू नको. यांचा आवाज कसा होता रे?"

"भारी होता काकू. मंगलाष्टक म्हणत तवा तिकडच्या गल्लीत ऐकू..."

"मंगलाष्टक नको. मला 'गोदे' म्हणायचे ना. ते कसं म्हणायचे?"

मी म्हणून दाखवलं. "गोदे."

"नाही. असं नाही."

मी पुन्हा म्हटलं, थोडं खर्जात, शेवट ओढून. त्यांनी मान हलवली. मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

"आता-आतापर्यंत कानात होता," त्या म्हणाल्या. "हल्ली आठवायला बसले, की तुझाच आवाज येतो."

गुरुजी समोरच, खिडकीशी खुर्चीवर बसले होते. त्यांना अजून सगळं नीट ऐकू येतं.